सामायिक पाणी: गावाने वाटायचे की मीटरने?

हिशेबी: जे सगळ्यांचे, ते कोणाचेच नसते. गावाने मिळून पाणी वाटावे ही भाबडी कल्पना आहे; प्रत्येक शेताला मीटर बसवून दर लावा, उधळपट्टी थांबेल.

पांझराकाठ: हे वाचून राहवले नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याखालच्या शेतजमिनीचे मोठे तुकडे (फड) पाडून पाणी देण्याच्या पद्धतीत, मीटर नसताना पिढ्यानपिढ्या पाणी वाटले गेले. एका फडात सगळ्यांचे एकच पीक असे आणि बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे, टंचाईत एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी झळ सगळ्यांना बसे. पाणी सोडण्याचे काम त्यासाठी नेमलेल्या माणसाचे, पाटकऱ्याचे होते. माझे आजोबा बांधावर ताटकळत उभे राहत, पण पाटकऱ्याने चारीचे तोंड फोडल्याखेरीज त्यांनी कधी फावड्याला हात लावला नाही.

कोरडवाहू: तुमच्या आजोबांकडे बांध तरी होता. माझ्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या उसाला पाणी दिले. जमीन असेल त्यालाच पाणी, मग त्याला गावाचे पाणी का म्हणायचे? १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील नायगावात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, असे ठरले. ऊस मात्र वर्ज्य होता.

शेवटची चारी: खरा प्रश्न उसाचाच आहे. आमच्या पाणी वापर संस्थेत, म्हणजे कालव्याचे पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेत, वरचे बागायतदार रात्री कालव्याचे दार उघडतात आणि आमच्या टोकाला पाणी पोहोचेपर्यंत हरभरा करपलेला असतो. तक्रार केली, तर पंच त्यांच्याच भावकीतले.

ऊसवाला: प्रत्येक वेळी आम्हालाच चोर ठरवू नका! कायद्याने किमान दर बांधलेला आणि कारखान्याने उचललेला दुसरा माल दाखवा, उद्याच ऊस मोडतो. कांद्याने मला दोनदा कर्जात घातले आहे.

शेवटची चारी: तुमचे कर्ज मला समजते. पण ते फेडण्यासाठी माझी पाण्याची पाळी का जावी?

हिशेबी: पंच भावकीतले असतील तर मीटरचे आकडेही तेच लिहितील, एवढे मला मान्य करावे लागते. तरीही माणशी हक्क आधी ठरवावा आणि त्याहून जास्त वापरलेल्या पाण्याला मीटरने दर लावावा, या मतावर मी ठाम आहे.

कोरडवाहू: माणशी म्हणालात, हे बरे झाले. त्यात भूमिहीन धरले आहेत का, तेवढे स्पष्ट लिहा.