खोकला नाही, दम लागत नाही, तरी वर्षानुवर्षं खराब हवेत राहून आतून काही होत असतं का?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं. आमचं घर मोठ्या रहदारीच्या रस्त्याला लागून आहे, खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की काळी पूड हाताला लागते, सकाळी पुसलं तरी संध्याकाळी परत तेच. मी चाळिशीतला, सिगरेट कधी ओढली नाही, छातीचा एक्सरे काढला तो नॉर्मल, जिने चढताना त्रास नाही. डॉक्टर म्हणाले काही नाही, मजेत राहा. पण इतकी वर्षं हे सगळं नाकातोंडात जातंय त्याचा हिशोब कुठे ना कुठे लागत असेलच ना? धूर जास्त असला की डोळे चुरचुरतात, घसा धरतो, ते मला कळतं, ते दोन दिवसांत जातं पण. मला विचारायचंय ते लांब पल्ल्याचं. दहा-वीस वर्षांनी काय होतं, आणि झालेलं भरून निघतं का की गेलं ते गेलंच? घाबरवू नका प्लीज, पण खोटा धीरही नको.

निळीशाई:
मी फुफ्फुसांच्या तपासण्या होतात त्या विभागात काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. तुमचा एक्सरे नॉर्मल आला ही चांगलीच गोष्ट, पण हवेमुळे हळूहळू जे होतं ते बहुतेकदा एक्सरेत दिसतच नाही. त्यासाठी फुंकायची टेस्ट असते, स्पायरोमेट्री, ती एकदा करून ठेवा म्हणजे पुढे तुलना करायला आकडा राहील.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती लोकांना सांगितली की पटत नाही. खराब हवा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष फुफ्फुसाकडे जातं, आणि जास्त माणसं दगावतात ती हृदयाने आणि पक्षाघाताने. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे, बाहेरच्या हवेमुळे जगभरात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू, त्यातले ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे. फुफ्फुसाचा कॅन्सर त्यात ४ टक्के.

कारण असं की पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. मोठी धूळ नाकात, घशात अडकते, शिंकेतून कफातून बाहेर पडते. तुमच्या कठड्यावर बसते त्यातली बरीचशी तीच, दिसणारी. हे बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या अगदी टोकाच्या बारीक फुग्यांपर्यंत जातात, तिथल्या पेशी त्यांना गिळतात पण पचवू शकत नाहीत, मग तिथे बारीकशी सूज कायमची राहते आणि त्या सुजेचे सिग्नल रक्तातून अंगभर फिरतात. रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, बीपी थोडं वर सरकतं, धमन्यांत चरबीचे थर लवकर साचतात. यातलं काहीच खोकून कळत नाही. म्हणून दम लागत नाही म्हणजे काही होत नाही असं धरून चालू नका एवढंच म्हणेन.

जुनाखांब:
माफ करा पण मला हे जरा अति वाटतं. माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या चिमणीखाली गेलं, आज नव्वदीला टेकलेत, चष्म्याशिवाय पेपर वाचतात. आमच्या चाळीतले सगळे तसेच जगले. आता मोबाइलवर हवेचा लाल आकडा दिसला की माणसं घाबरतात. माणसाला मारतं ते टेन्शन. आणि ४२ लाख मृत्यू म्हणता, त्यातल्या एकाच्या तरी सर्टिफिकेटवर हवा असं लिहिलेलं असतं का? मनापासून विचारतोय, भांडायचं नाही.

गणिताचीवही:
जुनाखांब काका, प्रश्न रास्त आहे. वडिलांना आणखी आयुष्य लाभो. पण एका माणसावरून हे ठरवता येत नाही, आणि जे चाळीत साठीच्या आतच हार्ट अटॅकने गेले त्यांची आठवण कोणी हवेशी जोडून ठेवलेली नसते. म्हणून हजारो माणसं घेऊन वर्षानुवर्षं मागे लागावं लागतं.

असा गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या सहा शहरांचा, १९९३ साली छापून आला. ८,१११ माणसं, १४ ते १६ वर्षं पाठपुरावा. सिगरेट, वय, वजन, शिक्षण, कामावरची धूळ हे सगळं हिशोबात धरून सुद्धा सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचा दर सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. सिगरेट ओढणाऱ्यांचा धोका त्याच अभ्यासात याहून बराच जास्त होता हेही सांगतो, म्हणजे प्रमाण लक्षात राहील. एकेका माणसाचा धोका सिगरेटइतका मोठा नाही, पण सिगरेट काही लोक ओढतात, हवा सगळेच घेतात, अगदी पोटातल्या बाळासकट, म्हणून एकूण बेरीज एवढी होते.

कोणी म्हणेल शहराशहरात फरक असतोच. तर मग हे बघा. अमेरिकेतच यूटामधल्या एका दरीत पोलादाचा कारखाना होता, कामगारांच्या वादामुळे १९८६ च्या ऑगस्टपासून वर्षभर बंद पडला आणि मग परत सुरू झाला. माणसं तीच, डोंगर तेच, हवामानही तेच. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत मुलांच्या ब्रॉन्कायटिस आणि दम्याच्या अॅडमिशन बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होत्या. टेन्शनने हे कसं समजवणार?

आणि सर्टिफिकेटचं म्हणाल तर एक आहे. लंडनची एला अडू-किसी-डेब्रा, ९ वर्षांची, गंभीर दमा, घर रहदारीच्या रस्त्याजवळ. ती २०१३ मध्ये गेली आणि तिच्या आईने लढून चौकशी पुन्हा करायला लावली, डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण स्पष्ट लिहिलं. एका आईला त्यासाठी किती वर्षं झगडावं लागलं ते बघा म्हणजे बाकीच्यांच्या कागदावर ते का नसतं हे कळेल.

जुनाखांब:
कारखान्याचं उदाहरण पटलं. त्या मुलीचं माहीत नव्हतं, वाचून वाईट वाटलं. माझी नात दम्याचा पंप घेते, म्हणून विचारतो, लहान मुलांचं वेगळं असतं का?

दोनवेण्या:
हो काका, वेगळं असतं. मोठ्यांच्या बाबतीत आहे ते झिजतं, मुलांच्या बाबतीत वाढायचं तेच कमी वाढतं. फुफ्फुसं विशीपर्यंत वाढत असतात, तेव्हा जेवढी झाली तेवढी भांडवलासारखी आयुष्यभर पुरवायची. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांची १० ते १८ वयापर्यंत दरवर्षी फुंकायची टेस्ट घेत राहिले, तर १८ व्या वर्षी फुफ्फुसाची ताकद अपेक्षेपेक्षा फारच कमी असलेली मुलं सगळ्यात स्वच्छ भागात १.६ टक्के होती आणि सगळ्यात घाण भागात ७.९ टक्के.

पण थांबा, पुढचं जास्त महत्त्वाचं. तिथे गाड्यांचे आणि इंधनाचे नियम कडक होत गेले, हवा सुधारली, आणि नंतरच्या बॅचेसची मुलं त्याच गावांत तपासली तर त्यांची फुफ्फुसं जास्त चांगली वाढलेली निघाली, हे २०१५ मध्ये छापून आलं. दमा असलेल्या मुलांनाही फायदा झाला होता. मला हे वाचल्यावर आधी खूप बरं वाटलं आणि मग रागही आला, म्हणजे हे करता येतं आणि तरी आपण मुलांना मास्क लावा, खेळायला जाऊ नका एवढंच सांगत बसतो.

नातीचा रोजचा प्रिव्हेंटर पंप (दमा उसळू नये म्हणून घ्यायचा) असेल तर बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू नका, एवढं नक्की बघा.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. हृदयाचं ऐकून जरा हबकलोच कारण आमच्याकडे वडिलांना बायपास झालीय. आता प्रॅक्टिकल विचारतो. घर बदलणं लगेच जमणारं नाही. मी सकाळी पळायला जातो ते बंद करू का? मास्क, प्युरिफायर यातलं कशाने खरंच फरक पडतो? आणि अॅपवरचा आकडा रोज बघून काही उपयोग आहे का?

निळीशाई:
पळणं बंद करू नका. डेन्मार्कमध्ये ५० हजारांवर माणसांचा पाठपुरावा केला होता, रहदारीमुळे हवा जास्त खराब असलेल्या भागातही व्यायामाचा फायदा टिकून होता. अर्थात तिथली हवा मुळात बरीच बरी, म्हणून आंधळेपणाने तेच लावू नका. आकडा फार वाईट असेल त्या दिवशी घरात व्यायाम करा, बाकी दिवशी पळा पण रस्त्याच्या कडेने नको. आतल्या गल्लीतून, मैदानावर. डिझेलची काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोठ्या रस्त्यापासून दीड-दोनशे मीटर आत गेलं की बरंच कमी होतं. पीएम २.५ तसं नाही, ते सगळ्या शहरावरच पसरलेलं असतं, त्यामुळे गल्लीत आलो म्हणजे सुटलो असंही नाही.

अॅपचा आकडा आजचा दिवस कसा काढायचा त्यासाठी. तुम्ही विचारलंय त्या लांब पल्ल्यासाठी वर्षाची सरासरी बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, कारण त्याखालीही त्रास दिसत होता. जगातले ९९ टक्के लोक संघटनेच्या मर्यादेपेक्षा खराब हवेत राहतात, तेव्हा मर्यादेच्या जवळ नाही म्हणून हताश व्हायचं नाही, जेवढं कमी तेवढं चांगलं.

मास्क एन ९५ असेल आणि चेहऱ्याला नीट चिकटत असेल तर कण अडवतो, वायू अडवत नाही. कापडी रुमालाचा उपयोग फार थोडा. प्युरिफायर हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा), झोपायच्या खोलीत, खिडकी बंद ठेवून, आणि फिल्टर वेळेवर बदलून, तरच. तिथे सात-आठ तास जातात म्हणून ती खोली आधी.

भरून निघतं का विचारलं होतंत. फुफ्फुसाची गेलेली ताकद मोठ्या वयात पूर्ण परत येत नाही, पण झिजण्याचा वेग कमी होतो. हृदयाच्या बाबतीत चित्र जास्त आशेचं आहे, कारण तिथे हवेशिवाय बाकीचं बरंच तुमच्या हातात आहे. वडिलांची बायपास झालीय तर तुमचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल या महिन्यातच तपासा आणि डॉक्टरांना वडिलांचं आणि रस्त्यालगतच्या घराचं दोन्ही सांगा. काही वर आलं तर औषध टाळू नका.

गणिताचीवही:
यात एकच भर घालतो. सोसायटीत सुकलेला पाला आणि कचरा जाळत असतील तर ते आधी थांबवा, रस्ता तुमच्या हातात नाही पण हे आहे, आणि तो धूर थेट तुमच्याच खिडकीत येतो. आमच्याकडे बोलून बोलून बंद झालं, दोन-तीन मीटिंग गेल्या फक्त.