संपर्क तुटल्यावर टेम्पोच्या जागेचा अंदाज कसा सुधारावा?

केळीबाग_रावेर:
नमस्कार. रावेरहून यावलकडे निघालेल्या केळीच्या टेम्पोंची जागा नकाशावर दाखवणारी एक छोटी प्रणाली मी शिकता शिकता तयार करत आहे. चालकाच्या मोबाइलमधून दर दहा सेकंदांनी जीपीएसची नोंद येते आणि मी ती कालमन फिल्टरमधून, म्हणजे आधीचा अंदाज आणि नवी नोंद यांचा मेळ घालणाऱ्या गणिती पद्धतीतून, नेतो. अडचण अशी, की मध्येच वीस मिनिटे रेंज गेली आणि मग नवी नोंद आली, तर नकाशावरचा ठिपका तिकडे सरकायला फार वेळ घेतो; टेम्पो पुढे गेलेला असतो आणि ठिपका मागेच रेंगाळतो. नोंद अचूक असूनही फिल्टर ती का मानत नाही?

तापीकाठ:
भाऊ, आपण बहुधा अंदाजाच्या पायरीत अनिश्चितता वाढवत नसाल. रुडॉल्फ कालमन यांनी 1960 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दोन पायऱ्या आहेत: वस्तू आता कुठे असेल हे गतीवरून ताडणे, आणि मोजमाप आल्यावर दोघांच्या खात्रीनुसार वजन देऊन मधली जागा धरणे. पहिल्या पायरीत खात्री कमी व्हायला हवी, दुसरीत वाढायला हवी. पहिल्या पायरीतली घट विसरली, तर प्रत्येकी 10 मीटरपर्यंत चुकू शकणाऱ्या शंभर नोंदींनंतर फिल्टरला वाटते की आपली चूक जेमतेम 1 मीटर आहे, आणि पुढच्या नोंदीला तो शेकडा 1 एवढेच वजन देतो. प्रत्यक्षात वेगाचा अंदाज ताशी 6 किलोमीटरने चुकला, तर वीस मिनिटांत जागा 2 किलोमीटरने चुकते. एवढी अनिश्चितता हिशेबात धरली, की पहिलीच नोंद जवळजवळ पूर्ण मान्य होईल.

सातपुडा_पायथा:
वरील उत्तर योग्यच आहे, पण यावलला आणखी एक पेच येईल. तिथून एक रस्ता चोपड्याकडे जातो, दुसरा भुसावळकडे. रेंज नसताना टेम्पो कोणत्या रस्त्याला लागला हे ठाऊक नसेल, तर दोन्ही शक्यतांची सरासरी काढणारा साधा कालमन फिल्टर ठिपका दोन रस्त्यांच्या मध्ये, एखाद्या केळीच्या मळ्यात नेऊन ठेवेल, जिथे टेम्पो असण्याची शक्यता सर्वांत कमी. अशा वेळी पार्टिकल फिल्टर घ्यावा: हजारभर काल्पनिक टेम्पो दोन्ही रस्त्यांवर सोडायचे, आणि नोंद आली की तिच्याशी न जुळणाऱ्यांचे वजन घटवायचे.

माझ्या मते याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती सहसा कोणी वापरत नाही. भुसावळच्या व्यापाऱ्याने फोनवर सांगितले की "गाडी अजून पोहोचली नाही", तर हेही मोजमापच आहे. जे काल्पनिक टेम्पो भुसावळला पोहोचलेले आहेत ते सगळे त्या एका वाक्याने बाद होतात, आणि उशीर वाढत जाईल तसतशी चोपड्याची किंवा वाटेत गाडी बंद पडल्याची शक्यता आपोआप वर येते.

केळीबाग_रावेर:
दोघांचेही मनापासून आभार. प्रणालीचा कोड तपासला; अंदाजाच्या पायरीत अनिश्चितता वाढवणारे पद मी शून्यच ठेवले होते. ते भरल्यावर जुन्या नोंदींवर ठिपका लगेच जागेवर येतो. एक शंका उरते: रेंज नसताना मोबाइल नोंदी साठवतो आणि नंतर एकदम पाठवतो. त्या कोणत्या क्रमाने द्याव्यात?

तापीकाठ:
नोंद ज्या वेळी घेतली गेली त्या वेळेच्या क्रमाने द्या, पोहोचण्याच्या क्रमाने नव्हे. त्यासाठी फिल्टरची स्थिती दर मिनिटाला जपून ठेवा, जुनी नोंद आली की त्या मिनिटापर्यंत मागे जा आणि तिथून पुढचा हिशेब पुन्हा करा.