जुन्या विनोदी मालिकेचा सिनेमा करताना न बदलणाऱ्या माणसाचं काय करायचं?

प्रश्न (पटकथालेखिका)

गेले चार महिने एका जुन्या विनोदी मालिकेवरून सिनेमा लिहिते आहे. करारामुळे नाव सांगता येत नाही. एक घर, पाच माणसं. घरातला बाप चिक्कू आणि हट्टी. दर भागात त्याची फजिती होते, शेवटी तो जरा नरमतो आणि पुढच्या भागात पुन्हा पहिल्यासारखाच. लोकांनी वर्षानुवर्षं त्याच्यावर प्रेम केलं ते तो तसाच राहिला म्हणून.

निर्माते म्हणतात, दोन तासांच्या गोष्टीत माणूस बदललाच पाहिजे. तिसऱ्या खर्ड्यात मी त्याला बदलला. शेवटच्या प्रसंगात तो मुलीजवळ रडतो, माफी मागतो. कलाकारांसोबत वाचन झालं. संपल्यावर सगळे गप्प. मग आईची भूमिका वाचणारी अभिनेत्री म्हणाली, "पण मग उद्या सकाळी हा कशावरून भांडणार?"

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली आहे. प्रसंग चांगला लिहिला होता, तरी मी ते घरच संपवून टाकलं होतं. हे कुणाला नीट जमलंय का? जमलं असेल तर कसं?

प्रतिसाद (संकलक)

ताई, तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर माझ्याकडे नाही, पण त्याला लागूनच असलेली एक अडचण सांगतो. ती तुम्हाला लिहितानाच सोडवावी लागेल, माझ्या टेबलावर आली की उशीर झालेला असतो.

१९५१ मध्ये 'आय लव्ह लूसी' ही अमेरिकी विनोदी मालिका सुरू झाली तेव्हा तिचे नायक-निर्माते डेझी आर्नाझ आणि छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेरे लावून चित्रीकरण केलं. पुढे असंख्य मालिका तशाच झाल्या. समोर माणसं हसतायत, म्हणजे नट थांबणार. हसू ओसरायला लागलं की पुढचं वाक्य घेणार. तो थांबा संहितेत कुठेच लिहिलेला नसतो.

मी एकदा शिकण्यासाठी म्हणून एका जुन्या भागातला हशा काढून टाकला आणि मागे उरलेल्या रिकाम्या जागाही कापल्या. भाग चपळ होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. माणसं एकमेकांचं न ऐकता बोलतायत असं दिसू लागलं. कापलेले तुकडे पुन्हा लावून पाहिले तेव्हा कळलं की नवऱ्याने टोमणा मारल्यावर त्या दोन सेकंदांत बायकोने हातातला टॉवेल एकदा घडी केला होता, मग आणखी एकदा. विनोद टोमण्यात नव्हताच, त्या दुसऱ्या घडीत होता, आणि मी नेमकी तीच कापली होती.

थिएटरमध्ये हसू कुठे येईल आणि किती टिकेल हे आधी कळत नाही. थांबा ठेवला आणि हसू आलं नाही तर पडदा मेल्यासारखा वाटतो. नाही ठेवला तर पुढचं वाक्य हशात बुडतं. म्हणून त्या जागी पात्राला हाताने करायला काहीतरी द्या. हसू आलं तरी चालेल, नाही आलं तरी पाहायला काहीतरी राहील.

प्रतिसाद (जुन्या मालिकांची प्रेक्षक)

मी लेखिका नाही, पण या मालिका पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. सिनेमा झाला की माणसांना घराबाहेर काढायची घाई होते, हे मला सर्वात खुपतं. 'द हनीमूनर्स' या अमेरिकी मालिकेचे १९५५-५६ चे ३९ भाग पाहा. जवळजवळ सगळं एका स्वयंपाकघरात. टेबल, चूल, बर्फपेटी, खिडकी, बस्स. बसचालक राल्फचं आणि त्याच्या बायकोचं, अ‍ॅलिसचं दारिद्र्य त्या उघड्याबोडक्या खोलीतच होतं, कुणाला ते बोलून दाखवावं लागत नव्हतं. २००५ च्या सिनेमात कथा ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीपर्यंत गेली. जागा वाढली आणि कोंडी गेली. ती दोघं भांडत होती ते पळायला जागा नव्हती म्हणून. ब्रिटिशांनी सत्तरच्या दशकात 'आर यू बीइंग सर्व्हड?'मधल्या दुकानातल्या मंडळींना सिनेमासाठी सरळ सुट्टीवर पाठवलं, तिथेही तेच झालं. दुकानातली उतरंड दुकानातच राहिली.

आणखी एक, हे जास्त अवघड. राल्फ मूठ उगारून अ‍ॅलिसला चंद्रावर पाठवण्याची धमकी द्यायचा. आज ते मला ऐकवत नाही आणि ते वगळलं तर मी तक्रार करणार नाही. पण अ‍ॅलिस त्या मुठीसमोर पापणीही न हलवता उभी राहायची, तिची सगळी ताकद तिथे दिसायची. धमकी काढली की तिचा निर्भयपणा दाखवायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. नुसतं गाळून भागत नाही.

प्रतिसाद (पटकथा शिकवणारा)

जमलेली दोन उदाहरणं मी वर्गात नेहमी घेतो. 'द ब्रेडी बंच' ही एका कुटुंबाची अमेरिकी मालिका १९६९ ते १९७४ चालली. १९९५ मध्ये बेटी थॉमस यांनी सिनेमा केला तेव्हा त्या कुटुंबाला सत्तरच्या दशकातच ठेवलं, कपडे, बोलणं, भाबडेपणा सगळं तसंच, आणि भोवतालचं जग मात्र नव्वदचं. थकलेल्या करापायी २०,००० डॉलर उभे करायचे, नाहीतर घर जाणार. कथेला दोन तास ओढायला एवढा धोका पुरतो. कुटुंबातल्या कुणालाही सुधारावं लागत नाही.

दुसरं, एका विचित्र कुटुंबाच्या जुन्या मालिकेवरचा १९९१ चा 'द अ‍ॅडम्स फॅमिली'. तिथे हरवलेला भाऊ म्हणून एक परका माणूस पैशांच्या लोभाने घरात शिरतो आणि हळूहळू त्यांच्यातलाच होत जातो. बदलतो तो. घरातले नवरा-बायको गोमेझ आणि मॉर्टिशिया पहिल्या दृश्यात जसे, तसेच शेवटच्या. माझ्या मते तुमच्या निर्मात्यांना बदल हवाय, पण तो बापातच हवा असं कुठे आहे? त्याच्या हट्टाकडे पाहणाऱ्या कुणाला तरी बदलू द्या.

उलट 'बिविच्ड' पाहा. मालिकेचं इंजिन साधं होतं, चेटकीण बायको आणि तिने जादू करू नये म्हणणारा नवरा. २००५ च्या सिनेमाने ती मालिका नव्याने बनवणाऱ्या माणसांची गोष्ट सांगितली. कल्पना हुशार, पण ज्या संसारासाठी लोक आले होते तोच बाजूला पडला.

पटकथालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शेवटचा प्रसंग पुन्हा लिहिला. आता बोलते ती मुलगी. इतकी वर्षं ज्याचा राग केला ते त्याचं वागणं तिला प्रथमच कळलंय, हे ती त्याला सांगते. तो सगळं ऐकून घेतो. काहीतरी बोलणार असं वाटतं, तोच उठतो, जाता जाता खोलीतला दिवा मालवतो, विजेचं बिल नको म्हणून. मुलगी अंधारात. मग पलीकडच्या खोलीतला दिवा लागतो आणि दार तो उघडंच ठेवतो, तिला वाट दिसावी एवढं.

आईचं वाचन करणाऱ्या बाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सकाळी तो पहिल्यांदा दुसऱ्या दिव्याचा हिशेब मागेल."

संकलकदादा, अंधार किती वेळ ठेवू?

संकलक

आकडा लिहू नका. त्याची पावलं लिहा. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत म्हातारा माणूस जितकी पावलं टाकेल, तितका अंधार.