एक्स३ की जीएलसी : घेण्याआधी तुम्ही काय पाहिलंत?

दसऱ्याच्या सुमारास गाडी बदलायची आहे. यादी गाळत गाळत दोन नावांवर आलेय : बीएमडब्ल्यू एक्स३ आणि मर्सिडीज-बेंझ जीएलसी, दोन्ही डिझेल. ब्रोशर पाठ झालेत. ताकद दोघींची १९७ अश्वशक्ती. टॉर्क (इंजिनाची ओढ) एक्स३चा ४०० न्यूटन मीटर, जीएलसीचा ४४०. लांबीला एक्स३ जास्त (४,७५५ मिमी, जीएलसी ४,७१६), पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जीएलसीचं जास्त (२,८८८, एक्स३चं २,८६५). एवढं सगळं माहीत असूनही निर्णय होत नाहीये.

ज्यांनी या दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि एक घेतली, किंवा दोन्ही सोडल्या, त्यांनी वर आपल्या गावाचं नाव घालून इथे लिहा. गाडी दारात आल्यावर सगळेच खूश असतात. मला त्याच्या आधीचं हवंय : काय पाहिलंत, कुठे चालवून पाहिलीत, घरातल्या कुणाच्या कोणत्या बोलण्यावरून पारडं झुकलं. आम्ही पुण्यात राहतो, आईबाबा सोबत असतात, कोकणात जाणं-येणं चालू असतं.

कोल्हापूर

ताई, माझा कास्टिंगचा धंदा आहे आणि गाडी मी स्वतः चालवतो, ड्रायव्हर नाही. हे आधी सांगतो, कारण माझा सगळा निर्णय त्यावर झाला.

शोरूमवाले गावातल्या गावात एक फेरी मारून आणतात. मी दोघांनाही सांगितलं, आंबा घाटात नेणार असाल तरच येतो. सकाळी एक, दुपारी दुसरी, रस्ता तोच. फरक लगेच कळला. एक्स३ वळणात बसते. स्टीअरिंग जेवढं फिरवाल तेवढीच गाडी वळते, मध्येच दुरुस्ती करावी लागत नाही. जीएलसीचं इंजिन चढाला जास्त निवांत ओढतं, टॉर्कचा फरक तिथे जाणवतो, पण लागोपाठच्या वळणांत अंग थोडं डोलतं. बायको मागे बसली होती, तिला जीएलसी आवडली. मी पुढे होतो, मला एक्स३. आमच्याकडे पुढे बसणाराच जास्त बसतो, म्हणून एक्स३ आली.

पैशाचंही लिहितो, कारण धंदेवाल्यांना याची चुकीची माहिती फार मिळते. गाडी फर्मच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो असं सांगणारे बरेच भेटतील. अशा गाडीवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५) वाचा. घसारा १५ टक्के मिळतो, तो खरा. पण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर रोड टॅक्स २० टक्के लागतो. स्वतःच्या नावावर वीस लाखांपुढच्या डिझेल गाडीला १५ टक्के, पेट्रोलला १३. सत्तर-पंच्याहत्तर लाखांवर पाच टक्के म्हणजे साडेतीन लाख आणि वर. सीएला आधी आकडा मांडायला लावा, मगच नाव ठरवा. १ टक्का टीसीएस (गाडी विकणारा गोळा करतो तो आयकर) लावतात तो रिटर्नमध्ये वळता होतो, त्याची काळजी नको.

ठाणे

आमच्याकडे उलट. ह्यांना गाडी चालवायची हौस नाही, ड्रायव्हर आहे, आणि सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून आम्ही दोन्ही गाड्या सोसायटीच्या गेटवर मागवल्या आणि आधी त्यांनाच बसवलं. फिरायला नेलं नाही. नुसतं चढा आणि उतरा.

त्या नऊवारी नेसतात. गाडीत चढताना पहिला पाय आत, मग हाताने वरचं हँडल, मग शरीर ओढून घेणं, आणि शेवटी दुसरा पाय. हा दुसरा पाय उचलताना लुगडं दाराखालच्या पट्टीला घासतं, आणि पावसाळ्यात ती पट्टी चिखलाने भरलेली असते. मी खाली वाकून नीट पाहिलं. दार पट्टी झाकून खाली येतं का, की पट्टी उघडी राहते? हे कुठल्याही व्हिडिओत दिसणार नाही. सासूबाईंनी दोन्हींत चार वेळा चढउतार केली आणि म्हणाल्या, "हिच्यात बसले की मांडीला आधार आहे, तिच्यात गुडघे वर येतात." 'हिच्यात' म्हणजे जीएलसीत. विषय संपला.

आणखी एक. मधल्या सीटवर मोठं माणूस लांबच्या प्रवासाला बसवायचा विचार असेल तर तो दोन्हींत सोडा. या गाड्यांची मूळ बांधणी मागच्या चाकांना ताकद देणारी आहे, पुढून मागे जाणारा दांडा मधून जातो, त्यामुळे पायाशी उंच उंचवटा असतो. पाचजण नेहमी जाणार असतील तर हा मुद्दा पहिला घ्या.

नागपूर

पेट्रोल बघणाऱ्यांसाठी. परदेशातले तुलनेचे व्हिडिओ बघून मत बनवू नका. आपल्याकडे एक्स३ पेट्रोल १९० अश्वशक्तीची आहे आणि जीएलसी ३०० ही २५८ची. ही बरोबरीची जोडी नाहीच. मी समृद्धीवर दोन्ही चालवल्या. ट्रक ओलांडायला पाय दाबला की जीएलसी झटकन निघते. एक्स३ पेट्रोलही जाते, पण पाय जास्त दाबावा लागतो. डिझेलमध्ये मात्र दोघी अगदी तोलामोलाच्या आहेत.

समृद्धीवर जाणार असाल तर टायरकडे लक्ष द्या. सिमेंटचा रस्ता, १२०ची मर्यादा, उन्हाळ्यात वरून आग. हवा गार टायरमध्ये, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणेच भरायची. टेस्ट ड्राइव्हला निघताना मी डॅशबोर्डवर चारही टायरचं प्रेशर बघितलं, एका गाडीत भलतंच जास्त भरलेलं होतं. ते उतरवून पुन्हा चालवली तर तीच गाडी मऊ झाली. दोन गाड्यांची तुलना करायची तर आधी हवा बरोबर हवी.

न्यू जर्सी

इथे चित्र वेगळं आहे. एक्स३ ३० आणि जीएलसी ३०० दोन्ही २५५ अश्वशक्तीच्या, डिझेल नाहीच. इथे विकली जाणारी एक्स३ साउथ कॅरोलायनाच्या स्पार्टनबर्गमध्ये बनते, जीएलसी जर्मनीहून येते.

आम्ही लीजवर (ठरावीक वर्षांच्या भाड्याने) घेतली, आणि तिथे गाडीपेक्षा कागद जास्त वाचावा लागतो. तीन वर्षांनी गाडीची किंमत किती धरली आहे, हा आकडा दोन्हीकडून लेखी मागा. आमच्या बाबतीत महिन्याच्या हप्त्यातला सगळा फरक त्याच एका आकड्याने पडला होता. बाकी कसोटी साधी होती : दोन चाइल्ड सीट लावून मध्ये आजी बसू शकते का. घरून सीट नेल्या आणि पार्किंगमध्ये बसवून पाहिल्या. दोन्हींत आजीला कुचंबून बसावं लागलं. आता भारतातून आईबाबा आले की दुसरी गाडी काढतो.

नाशिक

आतल्या स्क्रीनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. माझं वय बासष्ट, गाडी मी रोज चालवते. जीएलसीत मध्ये ११.९ इंची उभा पडदा आहे आणि स्टीअरिंगवरची बटणं दाबायची नाहीत, त्यांवर बोट फिरवायचं. नव्या एक्स३मध्ये वाकवलेला लांब पडदा, पण सीटशेजारी गोल फिरवायची खुंटी अजून ठेवली आहे. एसीच्या झडपा मात्र एक्स३त लपवलेल्या, वाऱ्याची दिशा दारावरच्या पट्टीवर बोट सरकवून बदलायची. शोरूममधल्या मुलाला बाहेर थांबायला सांगितलं आणि गाडी चालवताना एवढंच केलं : एसी दोन अंशांनी कमी, गाण्याचा आवाज कमी, मागची काच पुसणं चालू. नजर रस्त्यावरून किती हलते ते बघायचं. खुंटीने मला एक्स३कडे वळवलं. माझ्या मुलीला मात्र उभा पडदाच सोपा वाटला.

रत्नागिरी

मी दोन्ही सोडल्या. दोन्हींची सर्व्हिस घाट ओलांडून. पावसाळ्यात घाट बंद झाला, समोरची काच तडकली, तर गाडी किती दिवस उभी राहील याचं उत्तर मला कुणी सरळ दिलं नाही. गाड्यांत खोट नाही. माझ्या पत्त्याला त्या जमत नाहीत. ताई, तुम्ही पुण्यात आहात, तुम्हाला ही अडचण नाही. फक्त कोकणात येणार म्हणताय तर विम्यात टायर-रिम आणि इंजिनात पाणी शिरल्याचं संरक्षण घेतल्याशिवाय सही करू नका. आणि डिकी उघडून स्टेपनी कुठे ठेवली आहे ते बघा. कागदावर जीएलसीची डिकी ६२० लिटर, एक्स३ची ५७०. स्टेपनी आणि चार बॅगा ठेवल्यावर काय उरतं ते स्वतः ठेवून पाहा, गणपतीला येताना किती सामान असतं तुम्हाला माहीत आहे.

पुणे

एकच प्रश्न : डिझेलच का? कोकणात जाणं अधूनमधून, पण रोजचं काय? घर ते ऑफिस पाच-सहा किलोमीटर, तेही गर्दीत, असं असेल तर डिझेलच्या धुराड्यातली काजळी गाळणारा फिल्टर साफच होत नाही. तो साफ व्हायला गाडी तापून काही वेळ सलग वेगात चालावी लागते. अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) भरत राहणं आलं ते वेगळं. रोड टॅक्सचे वरचे दोन टक्के कोल्हापूरकरांनी सांगितलेच आहेत. मी याच हिशोबाने पेट्रोल जीएलसी घेतली.

आणि किमतीसाठी जुने लेख बघू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाड्यांवरचा कर ५० टक्क्यांवरून ४० वर आला, त्याआधीची सगळी कोष्टकं रद्द समजा. ऑन-रोडचं कोटेशन दोन्हीकडून एकाच आठवड्यात घ्या, विमा वेगळा काढून. पेट्रोल आणि डिझेल, चारही कोटेशनं मागवा.