हेलोमधील वाहने: ताकद एका आसनावर असावी की विभागलेली?

चौथे चाक (धागाकर्ता)

हेलो या व्हिडिओ गेम मालिकेतील वाहनांचा विषय निघाला की चर्चा बहुधा ‘सर्वांत ताकदवान वाहन कोणते’ या एकाच प्रश्नाभोवती घुटमळते आणि स्कॉर्पियन रणगाडा की बॅन्शी विमान, एवढ्या निवडीवर येऊन थांबते. मला ही कसोटीच मान्य नाही. ज्या वाहनाची ताकद एकाच आसनावर एकवटलेली नसते तेच वाहन खेळाला रंगत आणते, असे माझे मत आहे, आणि त्या हिशेबाने नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या पहिल्या भागातील वॉर्टहॉग आजही या मालिकेतील सर्वोत्तम वाहन ठरते.

वॉर्टहॉगमध्ये तीन जण बसतात. चालकाच्या हाती बंदूक नसते. समोरच्याला धडक देणे एवढेच त्याला करता येते. शेजारी बसलेला खेळाडू स्वतःचे हत्यार चालवतो. मागे तीन नळ्यांच्या मशीनगनवर उभा असलेला गनर मात्र खरी मारक शक्ती बाळगतो आणि त्याच वेळी तो जवळपास पूर्णपणे उघड्यावर असतो. चालकाने वेडेवाकडे वळण घेतले की गनरचा नेम चुकतो, आणि नेम साधावा म्हणून चालकाने वेग कमी केला की समोरून येणारे रॉकेट चुकत नाही. दोघांनी एकमेकांच्या मनातले ओळखल्याशिवाय हे वाहन चालतच नाही. शिवाय पुढची आणि मागची अशी चारही चाके वळत असल्यामुळे आणि आपण पाहू त्या दिशेने गाडी वळत असल्यामुळे ती हाताळायला सोपी वाटते, पण उतारावर घसरते आणि जवळ ग्रेनेड फुटला की पालथी होते.

पहिल्या भागाची आणखी एक गंमत अशी होती की वॉर्टहॉग स्वतः नष्ट होत नसे. मार लागत असे तो आत बसलेल्यांना. त्यामुळे चालक आणि गनर मेले की तीच धडधाकट गाडी शत्रू घेऊन जात असे. ब्लड गल्चसारख्या दोन तळ समोरासमोर असलेल्या मोकळ्या दरीत एकच वॉर्टहॉग एका डावात अनेकदा हात बदलत असे, आणि माझ्या मते त्या मैदानाचा निम्मा जीव त्यातच होता.

याउलट पहिल्या भागातील स्कॉर्पियन पाहा. रणगाडा हाकणे, तोफ डागणे आणि मशीनगन चालवणे ही तिन्ही कामे एकटा चालक करतो. पट्ट्यांवरच्या आच्छादनावर आणखी चार जण बसू शकतात, हे खरे. पण ते नसले तरी रणगाड्याचे काही अडत नाही. पुढे २००७ साली हेलो ३ मध्ये मशीनगन दुसऱ्या आसनाकडे सोपवण्यात आली. ही सुधारणा योग्य होती, पण अर्धवट, कारण तोफ आणि चाल यांचा ताबा एकाच हाती राहिला. आपले मत काय?

एकटा स्वार

धागाकर्त्यांनी वॉर्टहॉगचे वर्णन सुरेख केले आहे, मात्र ते एकमेकांना ओळखणाऱ्या तिघांच्या वॉर्टहॉगचे आहे. आपल्यापैकी बहुतेक जण बहुतेक वेळा अनोळखी खेळाडूंबरोबर खेळतात. तिथे काय घडते? चालक तळावरून निघण्याची घाई करतो, कारण थांबले तर कोणी दुसराच गाडी पळवेल. गनर म्हणून चढलेला खेळाडू वाटेत एखादे चांगले हत्यार दिसले की उडी मारून निघून जातो. आणि मग निःशस्त्र चालक भोंगा वाजवत मैदानाच्या मधोमध फिरत राहतो. ज्या वाहनाचे सामर्थ्य परक्या माणसाच्या लहरीवर अवलंबून आहे, त्याला मी सर्वोत्तम म्हणणार नाही.

माझी निवड घोस्ट आहे. एकच स्वार, पुढे दोन प्लाझ्मा तोफा, जमिनीपासून किंचित वर तरंगत चालणे आणि सरळ पुढे जाता जाता आडवे सरकण्याची क्षमता. त्याचा दुबळेपणा कोणालाही पाहताक्षणी कळेल असा आहे: समोरून येणारा मारा पुढचा भाग बऱ्यापैकी झेलतो, पण बाजू आणि पाठ उघडीच असते. हेलो २ मध्ये वेगाने पुढे झेपावण्याची सोय आली, तीही किंमत मोजून, कारण त्या झेपेत तोफा चालत नाहीत. म्हणजे प्रत्येक क्षणी स्वाराला ठरवावे लागते की मी आता पळतो आहे की लढतो आहे. निर्णय त्याचा आणि चूकही त्याचीच. तुम्ही ज्याला ‘विभागलेली ताकद’ म्हणता ती घोस्टमध्ये दोन आसनांत विभागलेली नाही, दोन क्षणांत विभागलेली आहे.

पायदळी

आपण दोघेही वाहनाच्या आत बसून विचार करत आहात. मी बाहेरून, म्हणजे ज्याच्या अंगावर हे वाहन येते त्याच्या बाजूने लिहितो.

२००१ च्या भागात पायी चालणाऱ्याकडे रणगाड्याविरुद्ध रॉकेट आणि ग्रेनेड सोडले तर फारसे काही नव्हते. २००४ साली हेलो २ ने तीन गोष्टी बदलल्या. वाहने स्वतः नष्ट होऊ लागली. रॉकेट वाहनाचा वेध घेऊन पाठलाग करू लागले. आणि जवळ आलेल्या वाहनावर उडी मारून स्वाराला खाली फेकता येऊ लागले. रणगाड्यावर चढून ठोसे लगावण्याची किंवा आत ग्रेनेड टाकण्याची सोय तेव्हापासूनची आहे. हेलो ३ मध्ये स्पार्टन लेझर आली, आणि प्लाझ्मा पिस्तुलाचा पूर्ण भारित मारा बसला की वाहन काही सेकंद बंद पडू लागले. २०२१ च्या हेलो इन्फिनिटमध्ये तर आकडा फेकून थेट बॅन्शीवर जाता येते.

माझ्या मते ही सगळी भर योग्य दिशेने पडली. घोस्ट चांगला की वॉर्टहॉग, हे त्यांच्या तोफांवरून ठरत नाही. पायी असलेल्या माणसाला त्या वाहनाजवळ जाण्याची हिंमत होते की नाही, यावरून ठरते. ज्या वाहनाला कोणाचीच भीती नाही ते वाहन उरलेल्या सगळ्यांचा खेळ बिघडवते.

चौथे चाक

पायदळी यांच्या मुद्द्याशी मी अर्धा सहमत आहे, आणि उरलेला अर्धा महत्त्वाचा आहे.

वाहनाविरुद्धची सगळी हत्यारे एकाच तागडीत टाकता येत नाहीत. उडी मारून वाहन हिसकावणे घ्या: त्यासाठी वाहनाच्या अगदी जवळ जावे लागते आणि क्षणाचा अंदाज चुकला तर चिरडले जाण्याची जोखीम पत्करावी लागते. लेझर घ्या: ती भारित होईपर्यंत तिची लाल रेघ लक्ष्याकडे रोखलेली असते, त्यामुळे सावध चालकाला आडोसा गाठता येतो; शिवाय हेलो ३ मध्ये तिचे मारे मोजून पाच. या दोन्हींत वाहनवाल्यालाही उत्तर देण्याची संधी आहे. पण २०१० साली आलेल्या हेलो रीचमध्ये डीएमआर ही रायफलच वाहनाला लक्षात येण्याजोगी इजा करू लागली. अनेक प्रकारच्या सामन्यांत ती खेळाडूंना सुरुवातीपासूनच हातात मिळत असे. म्हणजे वाहनाविरुद्धचे हत्यार शोधावे लागत नाही, जपून वापरावे लागत नाही, जवळ जावे लागत नाही. दुरून चार जणांनी नेम धरला की वॉर्टहॉगचा निकाल लागतो. त्याच भागातील आर्मर लॉकने, म्हणजे खेळाडूला काही क्षण अभेद्य करणाऱ्या सोयीने, तर कहर केला. समोरून येणाऱ्या गाडीपुढे खेळाडू गुडघा टेकून बसतो आणि धडकणारी गाडीच फुटते! (मी त्या भागात किती वेळा असा फुटलो, हे इथे लिहिणार नाही.)

भीती असावी, पण ती दिसावी आणि टाळता यावी. रीचमध्ये ती चोहीकडून आणि एकाच वेळी येत असे.

पायदळी

आर्मर लॉक मी वापरत असे, हे प्रांजळपणे मान्य करतो. पण त्या अवस्थेत बसलेला खेळाडू हलूही शकत नाही आणि गोळीही झाडू शकत नाही, हेही लिहायला हवे होते. चालकाने थेट अंगावर न येता थोडे थांबून वाट पाहिली, तर गनरला आयते लक्ष्य मिळते. आपली गाडी फुटली ती घाईमुळे.

आभाळवेडा

इतके प्रतिसाद आले आणि उडणाऱ्या वाहनाचा उल्लेख फक्त ‘तिच्यावर आकडा टाकता येतो’ एवढाच झाला, याचे आश्चर्य वाटते. जमिनीवरच्या वाहनांचे सगळे हिशेब बॅन्शी आली की कोलमडतात. एकटा स्वार यांचा घोस्ट घ्या. त्याच्या तोफा पुढे पाहतात आणि वरून येणाऱ्या शत्रूला त्याच्याकडे फारसे उत्तर नसते. उलट वॉर्टहॉगचा गनर वर नेम धरू शकतो, आणि इथे धागाकर्त्यांची बाजू मला अधिक पटते.

बॅन्शीची ताकद तिच्या हत्यारांपेक्षा निघून जाण्यात आहे. मार बसू लागला की ती डोंगराआड जाते. पाठलाग करणारे रॉकेट आले तर कोलांटी घेऊन ते चुकवण्याचा प्रयत्न करते. निर्मात्यांनाही तिचा धाक वाटला असावा, असे मला वाटते, कारण हेलो २ च्या बहुखेळाडू सामन्यांत तिचा जड हिरवा गोळा काढून टाकण्यात आला होता आणि फक्त प्लाझ्मा तोफा ठेवल्या होत्या. हेलो ३ मध्ये तो गोळा परत आला.

तरीही तिला अजेय म्हणणे चूक आहे. तिचे कवच पातळ आहे. हेलो ३ मधील हॉर्नेट हवेत एका जागी स्थिर राहू शकते; बॅन्शीला मात्र सतत पुढे सरकावे लागते, म्हणून एकदा नेम साधून खाली झेपावली की तिचा पुढचा मार्ग जमिनीवरच्या जाणत्या माणसाला आधीच कळतो. चांगला वैमानिक कोण, हे मी त्याने किती जणांना मारले यावरून ठरवत नाही. खाली झेपावल्यावर तो कोणत्या बाजूने वर निघून गेला, यावरून ठरवतो.

नोड रक्षक

चर्चा एकाच मालिकेत अडकली आहे, म्हणून दोन बाहेरची उदाहरणे देतो, कारण धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न इतर खेळांनी प्रत्यक्ष करून पाहिला आहे.

२००३ सालच्या प्लॅनेटसाइडमध्ये व्हॅनगार्ड रणगाड्याचा चालक फक्त रणगाडा हाकत असे आणि मुख्य तोफ दुसऱ्या खेळाडूकडे असे. धागाकर्त्यांना स्कॉर्पियनमध्ये हवी असलेली विभागणी नेमकी हीच. २०१२ साली प्लॅनेटसाइड २ आला तेव्हा मुख्य तोफ चालकाकडे देण्यात आली आणि दुसऱ्या खेळाडूला दुय्यम हत्यार मिळाले. याच खेळात मॅग्रायडर हा तरंगता रणगाडा आहे. तो आडवा सरकतो, पण त्याची मुख्य तोफ पुढच्या दिशेलाच बांधलेली असते, त्यामुळे नेम धरायचा तर अख्खे वाहन वळवावे लागते. एकाच आसनावरच्या ताकदीला वाहनाच्या घडणीतूनच लगाम घालता येतो, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण अनरियल टूर्नामेंट २००४ चे. तिथे लिंक गन या हत्याराने स्वपक्षाच्या वाहनाची डागडुजी करता येते. म्हणजे गोलायथ रणगाडा एकटा चालक हाकत असला, तरी त्याच्यामागे पायी चालणारा एक सोबती असेल तर त्याचे आयुष्य किती तरी वाढते. आसन न देताही दुसऱ्या माणसाची गरज निर्माण केली आहे. तो सोबती हवे तेव्हा जवळ येतो आणि हवे तेव्हा दूर जातो, त्यामुळे परक्या माणसाबद्दलची एकटा स्वार यांची तक्रार इथे बरीच बोथट होते.

एकटा स्वार

नोड रक्षक यांनी दिलेले प्लॅनेटसाइडचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, हे नोंदवतो. ज्यांनी विभागणी करून पाहिली त्यांनीच पुढच्या खेळात ती मागे घेतली. कारण काय, हे निर्मात्यांना ठाऊक. माझा तर्क असा की तोफ नसलेल्या आसनावर तासन्‌तास बसायला फार थोडे लोक तयार होतात.

आता वॉर्टहॉगविषयी एक शेवटचा मुद्दा. पहिल्या भागाच्या अखेरीस पिलर ऑफ ऑटम या जहाजातून बाहेर पडण्याची जी वॉर्टहॉग दौड आहे, ती या वाहनाची सर्वांत लक्षात राहिलेली वेळ आहे, हे आपणही मान्य कराल. घड्याळ उलटे धावते आहे, दोन्ही बाजूंना स्फोट होत आहेत, रस्ता जागोजाग तुटलेला आहे. आणि त्या दौडीत एकट्याने खेळणाऱ्याच्या मागे गनवर कोणीही नसते! आपण ज्या विभागणीमुळे वॉर्टहॉगला मोठे मानता, ती विभागणी त्याच्या सर्वोत्तम प्रसंगात अजिबातच नाही. तिथे आहे ते फक्त चार चाकांचे वळणे, घसरणे आणि पुन्हा सावरणे.

चौथे चाक

हा घाव वर्मी लागला. ती दौड मी एकट्यानेही केली आहे आणि सोबत्याला गनवर घेऊनही केली आहे, कारण पहिल्या भागात मोहीम दोघांना मिळून खेळता येते. सोबतीला कोणी असले की आरडाओरडा वाढतो आणि मजाही वाढते, पण घड्याळापुढे त्याच्या गोळ्यांचा उपयोग नगण्य असतो. वाटेत आडवे येणारे शत्रू मारण्यापेक्षा चुकवलेले बरे असतात, आणि चुकवणे हे सर्वस्वी चालकाचे काम. तेव्हा एवढे मान्य करतो की वॉर्टहॉगचा विचार करताना मी गनरला जास्त आणि चाकांना कमी श्रेय दिले.

सामन्यांपुरते माझे मत मात्र कायम आहे. इन्फिनिटमध्येही, वीस वर्षांनंतर, साध्या वॉर्टहॉगच्या चालकाला बंदूक दिलेली नाही. आणि शत्रूचा ध्वज पळवून आपल्या तळावर आणायच्या सामन्यात ध्वज घेऊन निघालेला सोबती घोस्टवर बसू शकत नाही. वॉर्टहॉगमध्ये शेजारच्या आसनावर तो बसतो आणि घरी पोहोचतो. यावर एकटा स्वार यांचे काय म्हणणे आहे?

एकटा स्वार

त्यासाठी मंगूस आहे. दोन आसने, एकही तोफ नाही, आणि वॉर्टहॉगपेक्षा लहान असल्याने त्याच्यावर नेम धरणेही अवघड. ध्वज न्यायचा असेल तर तुमच्या गनरला तळावरच ठेवा.