विषय: शाब्दिक उदाहरणं – "बेरीज करू की वजाबाकी?"

प्रेषक: तिसरीतल्या मुलीचा बाबा
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

मुलगी तिसरीत आहे. उभी मांडणी करून दिली की तीन अंकी बेरीज-वजाबाकी हातच्यासकट बिनचूक करते, पाढेही येतात. पण तेच गणित तीन-चार ओळींच्या मजकुरातून आलं की ती त्यातले आकडे उचलते आणि मान वर करून विचारते, "बेरीज करू की वजाबाकी?" मी "वजाबाकी" म्हटलं की उत्तर बरोबर येतं. म्हणजे उदाहरण मी सोडवतोय आणि ती फक्त आकडेमोड करतेय, हे मला दिसतंय.

परवाचं उदाहरण: "राजूकडे 23 गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा 8 ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती गोट्या आहेत?" तिने 31 लिहिलं. "जास्त लिहिलंय ना!" असं तिचं म्हणणं. समजावून सांगितलं की त्या वेळी पटतं, पण पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच. आपल्यात बरेच जण शिक्षकी पेशातले आहेत. घरी बसून नेमकं काय करायचं, ते कृपया सांगा.

---

प्रेषक: प्राथमिकच्या वर्गांना शिकवणारी ताई

नमस्कार,

दुखणं तुमच्या मुलीच्या प्रश्नातच सापडतंय. कोणती क्रिया करायची हे सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं आणि ती ते आधी विचारतेय. गोष्टीत काय चाललंय ते डोळ्यांपुढे आणण्याचं मधलं काम तिच्याकडून होतच नाही. तेव्हा क्रियेबद्दल तिला काहीही सांगू नका, इशारासुद्धा नको.

सुरुवात आकडे झाकून करा. उदाहरण असं वाचा: "राजूकडे काही गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा थोड्या जास्त आहेत." आणि मग विचारा, गोट्या जास्त कोणाकडे? कमी कोणाकडे? आपल्याला काय शोधायचंय? आकडेच नसले की आकडेमोड सुरू करता येत नाही आणि मूल आपसूक गोष्टीकडे वळतं. "राजूकडे जास्त" हे तिच्या तोंडून आलं की मग आकडे उघडा. राजूकडे 23. आता मीनाकडे 31 असू शकतील का, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही, तीच सांगेल.

मग चित्र. दोन आडव्या पट्ट्या काढायच्या, डावी कड एका रेषेत. राजूची लांब, मीनाची आखूड. राजूची पट्टी जेवढी पुढे जाते त्या तुकड्यावर 8, राजूच्या पूर्ण पट्टीवर 23, मीनाच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. एवढं काढल्यावर क्रिया विचारायची गरजच उरत नाही. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांनी ही पट्ट्यांची रीत 1980 च्या दशकात अभ्यासक्रमात आणली आणि तिथून ती जगभर गेली. पट्टी अगदी मापात हवी असं नाही, पण जास्त ते लांब आणि कमी ते आखूड एवढं मात्र जपायचं. पहिली-दुसरीच्या मुलांना पट्टीआधी खऱ्या वस्तू द्या, मणी, काड्या, ठोकळे. आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हांनी, हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी मांडला होता आणि वर्गात तो खरोखर उपयोगी पडतो.

एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. ज्याला आपण सरसकट "वजाबाकीचं उदाहरण" म्हणतो, त्यात वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. 12 पक्षी होते, 5 उडाले, किती राहिले, ही एक. 12 मुलं आहेत, त्यातल्या 5 मुली, तर मुलगे किती, ही दुसरी, इथे काहीच उडालेलं नाही. राजूकडे 12, मीनाकडे 5, फरक किती, ही तिसरी. शिवाय न सांगितलेली संख्या गोष्टीच्या शेवटी आहे, मध्ये आहे की सुरुवातीला, यावर अवघडपणा ठरतो. "राजूकडे काही गोट्या होत्या, मीनाने 5 दिल्या, आता 13 आहेत, आधी किती होत्या?" हे शेवटाकडून मागे जाणारं उदाहरण पुष्कळ मुलं 18 असं सोडवतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बेरीज-वजाबाकीच्या अशा गोष्टींचे 11 प्रकार पाडले. पालकांनी ते पाठ करायला नकोत, पण घरी आपण स्वतः उदाहरणं रचतो तेव्हा बहुतेक वेळा पहिलाच प्रकार रचतो, एवढं लक्षात असू द्या.

तुलनेचा प्रकार सगळ्यांत अवघड जातो. 1983 साली हडसन नावाच्या संशोधकाने लहान मुलांना पक्षी आणि किड्यांचं चित्र दाखवलं. "किड्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?" असं विचारल्यावर बालवर्गातल्या चौघांतल्या जेमतेम एकाला उत्तर आलं. मग त्याच चित्रावर विचारलं, "प्रत्येक पक्षी एकेक किडा पकडायला गेला, तर किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही?" आता जवळजवळ सगळी मुलं बरोबर आली. चित्र तेच, संख्या त्याच. "कितीने जास्त" या शब्दांमागची जोड्या लावण्याची कृती मुलांना तोवर दिसलीच नव्हती. म्हणून तुमच्या मुलीला थोडे दिवस खऱ्या गोट्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावू द्या. जोडी नसलेल्या गोट्या म्हणजे "जास्त" असलेल्या. हे एकदा हातात बसलं की पट्टी लगेच समजते.

---

प्रेषक: दुसरी आणि पाचवीतल्या मुलांची आई

ताई, तुमचं म्हणणं वाचलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मोठ्याला शाब्दिक उदाहरणांची इतकी भीती होती की वही उघडली की रडू यायचं. मी भिंतीवर तक्ता लावला: "एकूण", "मिळून" म्हणजे बेरीज, "उरले", "कमी" म्हणजे वजाबाकी, "प्रत्येकी" म्हणजे गुणाकार, "वाटले" म्हणजे भागाकार. त्याला धरायला काहीतरी मिळालं आणि रडणं थांबलं. चित्रं काढत बसलं तर चाचणीत वेळ पुरत नाही, हेही खरं आहे. धाकट्यासाठी तो तक्ता काढून टाकावा असं मला अजून वाटत नाही.

---

प्रेषक: प्राथमिकच्या वर्गांना शिकवणारी ताई

भीतीचा मुद्दा तुम्ही अगदी योग्य काढलात, आणि तो मी हलका मानत नाही. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या मुलाला पहिलं पाऊल टाकता आलं पाहिजे. फक्त ते पाऊल शब्द हुडकण्याचं असू नये, असं मला कळकळीने वाटतं.

तुमचाच तक्ता घेऊ. "राजूने पुस्तकाची 9 पानं वाचली, 14 उरली, तर पुस्तक किती पानांचं?" इथे "उरली" आहे आणि बेरीज करायची आहे. "24 पेन्सिली 4 मुलांना सारख्या दिल्या, प्रत्येकी किती?" इथे "प्रत्येकी" आहे आणि भागाकार आहे. आणि या पत्रव्यवहाराची सुरुवात ज्या उदाहरणाने झाली त्यात "जास्त" आहे आणि वजाबाकी आहे. पहिली-दुसरीच्या सोप्या उदाहरणांत तक्ता बहुतेक वेळा चालतो, म्हणूनच मुलाचा त्यावर विश्वास बसतो. चौथी-पाचवीत तो दगा देतो, आणि तोवर मजकूर न वाचण्याची सवय पक्की झालेली असते.

ही सवय किती खोल जाते त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासगटाने 1979 च्या सुमारास प्राथमिकच्या मुलांना विचारलं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी आकडे एकत्र करून वय काढलं. ती मुलं मठ्ठ मुळीच नव्हती. आकडे दिसले की काहीतरी करून उत्तर द्यायचं, हे ती शाळेत शिकलेली होती. तुमच्या मोठ्याला असं एखादं उदाहरण घालून पाहा. "हे सांगताच येणार नाही" असं म्हणायची मोकळीक मुलांना मिळायला हवी.

दुसरं उदाहरण मोठ्या मुलांचं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना असं विचारलं होतं: एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, 1128 सैनिकांना न्यायला किती बस लागतील? भागाकार सुमारे 70 टक्के मुलांना बरोबर आला. पण 32 हे उत्तर देणारी मुलं एक चतुर्थांशाहून कमी होती. बाकीच्यांत "31, बाकी 12" लिहिणारेही बरेच होते. उरलेल्या 12 जणांना बस लागेल, हे भागाकाराच्या मांडणीत दिसत नाही, ते गोष्टीत दिसतं. म्हणून उत्तर मिळालं की ते पूर्ण वाक्यात गोष्टीत परत घालून वाचायचं, अशी मी वर्गात सक्तीच करते. "31, बाकी 12 बस लागतील" हे वाक्य कुठलंच मूल मोठ्याने वाचून पुढे जाऊ शकत नाही.

आता भीती. तक्त्याच्या जागी एकच काम द्या: उदाहरण वाचून झालं की वही मिटून ती गोष्ट आपल्या शब्दांत सांग. हे प्रत्येक मुलाला जमतं, घाबरलेल्यालाही, कारण यात चूक-बरोबर नाही. गोष्ट सांगता आली नाही तर अडचण वाचनात आहे, गणितात नाही, हेही तिथेच कळतं. आणि वेळेचं म्हणाल, तर पट्टी काढायला सुरुवातीला वेळ लागतो, पुढे ती दोन रेघांवर येते, आणि काही मुलं मग कागदावर न काढता मनातच पाहतात. दहा उदाहरणं धावतपळत करण्याऐवजी दोनच घ्या आणि त्यांवर भरपूर बोला.

---

प्रेषक: एक आजोबा

भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास शाब्दिक उदाहरणं श्लोकांत घातली, हे मुलांना जरूर सांगा. भुंग्यांचं त्यांचं गणित माझ्या पाचवीतल्या नातवाला मी घातलं: थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलावर, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालतोय, तर थवा केवढा? मला हे बीजगणिताशिवाय सांगता येईना. ताई, तुमच्या पट्टीत हे बसतं का?

---

प्रेषक: प्राथमिकच्या वर्गांना शिकवणारी ताई

काका, छान बसतं! पाचवा आणि तिसरा, दोन्ही भाग पाडता यावेत म्हणून एका पट्टीचे 15 सारखे चौकोन करा. पाचवा भाग म्हणजे 3 चौकोन, तिसरा भाग म्हणजे 5. फरक 2, त्याची तिप्पट 6. सगळे मिळून 14 चौकोन रंगले, एक कोरा राहिला. तो कोरा चौकोन म्हणजेच घिरट्या घालणारा एक भुंगा. म्हणून थवा 15 भुंग्यांचा. नातवाला चौकोन स्वतः रंगवू द्या, शेवटचा कोरा चौकोन त्यालाच सापडला पाहिजे.

---

प्रेषक: तिसरीतल्या मुलीचा बाबा

सर्वांचे मनापासून आभार. आकडे झाकून वाचणं सुरू केलंय. "कोणाकडे जास्त?" विचारलं की ती आता थांबून विचार करते, आणि गोट्यांच्या रांगा तर तिला खेळच वाटतो. पण एक अडचण आहेच. "मीनाकडे 24 मणी आहेत. राजूकडे तिच्यापेक्षा 6 कमी आहेत. दोघांकडे मिळून किती?" यात ती 18 काढते आणि पेन्सिल खाली ठेवते. एखाद्या वेळी 30 लिहिते. अशा दोन पायऱ्यांच्या उदाहरणांना पट्टी पुरेल का, की हे अजून तिच्या वयाला जड आहे?

---

प्रेषक: प्राथमिकच्या वर्गांना शिकवणारी ताई

जड नाही, तिसरीत हे यायला हरकत नाही. 30 म्हणजे ती पुन्हा आकडे उचलतेय, तेव्हा आकडे झाका. 18 ला थांबणं मात्र चांगलं लक्षण आहे, तिने एक खरी पायरी स्वतः ओलांडलीय. त्यावर "चूक" म्हणू नका, "हे 18 कोणाचे?" विचारा. "राजूचे" म्हणाली की दोन्ही पट्ट्यांच्या उजवीकडे एक महिरपी कंस काढून त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, म्हणजे शोधायचं काय ते चित्रात दिसत राहील.

अशा उदाहरणांत एक प्रश्न न लिहिता सोडलेला असतो. इथे तो आहे: राजूकडे किती? तो शोधून लिहायला लावा. थोडे दिवस तुम्ही उदाहरणाचा शेवटचा प्रश्न झाकून फक्त माहिती द्या आणि तिला विचारा, "यावरून काय काय काढता येईल?" मुलं राजूचे मणी, दोघांचे मिळून, सारखे व्हायला मीनाने राजूला किती द्यावे लागतील, असे कितीतरी प्रश्न काढतात. हा शेवटचा प्रश्न तर फारच चांगला आहे. 6 द्यावे असं मुलं पटकन म्हणतात, मग पट्टीवर पाहतात तर 3 च पुरतात.

आणि आठवड्यातून एकदा उलटं करा. तिला 15 − 6 एवढंच द्या आणि त्यावर गोष्ट रचायला सांगा. पहिली गोष्ट बहुधा काहीतरी हरवल्याची किंवा उडून गेल्याची येईल. मग म्हणा, "आता अशी गोष्ट रच की ज्यात कुणाकडचं काहीच कमी होत नाही." ती तुलनेची गोष्ट स्वतः रचू लागली की या लिस्टवर जरूर पाठवा, माझ्या वर्गातली मुलं ती सोडवतील.