हालचाल सुरू केल्यावर काय बदललं? अनुभव लिहा

माळा आवरताना बाबांचे चालायचे बूट सापडले. डाव्या टाचेची बाहेरची कड पार झिजलेली, नाडीची गाठ अजून तशीच. 58 व्या वर्षी साखर निघाली, डॉक्टर म्हणाले जेवणानंतर चाला, आणि बाबा चालायला लागले ते कायमचेच. पाऊस असला की घरातल्या घरात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आम्ही वैतागायचो. ऐंशी ओलांडली तरी जमिनीवरून हात न टेकता उठायचे. मी 52 ची, आज माळ्यावरून उतरताना धाप लागली. बूट मांडीवर घेऊन तिथेच बसले. तुमचं सांगा ना. हालचाल सुरू केल्यावर किंवा सुटल्यावर अंगात काय फरक पडला?

पाऊलखुणा: नाडीची गाठ वाचून थांबलेच गं. आईची काठी मीही अशीच ठेवलीये. सविस्तर नंतर, बाळ उठलं.

निवांत: तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c तपासणी) 7.6 वरून 6.9 टक्के. गोळी तीच. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं, बाकी काही नाही.

सांधेजोड: @निवांत, मस्त! मी फिजिओथेरपिस्ट आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरचं चालणं लागू पडतं. फक्त इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली येऊ शकते.

उंबरठा: माझं गुडघ्याचं. सगळे म्हणत होते आराम कर. वर्षभर केला, मांड्या काटकुळ्या झाल्या आणि दुखणं वाढलं. मग खुर्चीतून उठबस सुरू केली. पहिल्या दिवशी टेबलाची कड घट्ट धरून चार वेळा, पाचव्याला पाय लटलटले. आता दहाचे तीन फेरे, हात छातीशी. गुडघा अजून कुरकुरतो, पण जिना कठड्याला न धरता उतरते. हे लिहितानाही बरं वाटतंय.

सांधेजोड: मांडीच्या स्नायूने भार उचलला की सांध्याला उसंत मिळते. सोडू नका ताई.

फिरस्ता: मी बैठ्या कामाचा, म्हणून लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास मनात रुतलाय. 1953 साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर डबल डेकरच्या जिन्यावर खालीवर. हृदयविकार कंडक्टरांना कमी. तेव्हापासून फोन आला की मी उभा राहतो.

रातराणी: दहा हजार पावलं होत नाहीत म्हणून मी सोडूनच दिलं होतं.

फिरस्ता: अहो, तो आकडा 1965 च्या सुमाराला जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचा. नावच 'मानपो-केई', दहा हजार पावलांचं मापक. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगते, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. सलग दहा मिनिटं हवीत ही अटही 2020 ला काढली. जमेल तेवढं चाला, सगळं धरलं जातं.

रातराणी: हे कुणी आधी का नाही सांगितलं! उद्यापासून परत.

पाऊलखुणा: आले परत. आई गेल्यावर झोप उडाली होती. शेजारच्या काकू रोज सहाला दार वाजवायच्या, "चल". बोलायच्या नाहीत फारसं. तीनेक आठवड्यांनी एकदा सलग सहा तास झोपले, उठून रडले. काकूंचं ते "चल" कधी विसरणार नाही.

उंबरठा: 🙏 अशा काकू सगळ्यांना मिळोत.

निवांत: विषयाला सोडून, नवे बूट घेतोय. टाच मागे सरकते, मोठे घेतले का?

सांधेजोड: संध्याकाळी घालून बघा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. आणि घोट्याजवळ सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं ना, त्यातून नाडी ओवून बघा, टाच जागेवर राहते.

निवांत: अरेच्चा, ते भोक त्यासाठी असतं?

(धागा काढणारी) आत्ता बाबांचे बघितले. त्या भोकातूनच ओवलीये.